जिनिंगच्या मैदानाचा उतार

परतूर,
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

प्रिय तन्वीर,

सलाम आणि खूप दुवा. तू, गजाला आणि पोरी खुशाल असाल. मदीहाचा खोकला गेला का? पुण्याची थंडी तिला सोसत नाही असं गजाला म्हणत होती. आलं-मध देत जा म्हणावं.

आम्ही बरे आहोत. साजिद अजून जाफराबादच्या शाळेतच आहेत, शनिवारच्या बसने येतात, सोमवारी पहाटे जातात. मला निवडणुकीची ड्यूटी लागली आहे. दिवसभर गल्लीतून प्रचाराच्या गाड्या फिरतात आणि माझी चौथीची मुलं कवितेऐवजी घोषणा पाठ म्हणतात.

फोन असताना आपा पत्र कशाला लिहिते, म्हणून हसशील. पण फोनवर तू विचारतोस, "आपा, सब खैरियत?" मी म्हणते, "हौ, सब खैरियत." मग तू म्हणतोस, "चलो, रखता हूं." एवढ्यात काय सांगून होतं? आपण घरात उर्दूत भांडलो, पण लिहायला शिकलो ते जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. मनातलं कागदावर उतरवायचं तर मला अजून हीच भाषा जवळची वाटते.

मोठी बातमी अशी की आपल्या इत्तेहाद फुटबॉल क्लबचा कारभार बदलला. काकासाहेबांनी गुडघ्यांचं कारण सांगितलं आणि क्लब सोमेश्वरच्या हाती दिला. सोमेश्वर म्हणजे त्यांचा पुतण्या. तू त्याला खांद्यावर बसवून मैदानभर फिरवायचास, तो. आता बी-बियाण्यांचं दुकान चालवतो आणि मोबाईलवर इंग्लंडातले सामने बघतो. काकासाहेबांच्या काळात टीम कशी ठरायची, ते तुला ठाऊकच आहे. टपरीवर जो आधी आला तो फॉरवर्ड, उशिरा आला तो बॅक, आणि ज्याचे बूट फाटलेले तो गोलकीपर. सोमेश्वरने आल्या आल्या जालन्याहून कोच आणली. आणली म्हणते, कारण ती बाई आहे. राजनंदिनी नाव. एका शाळेत खेळ शिकवते, शनिवार-रविवार इथे येते.

पहिल्या दिवशी काय गंमत झाली सांगू? आपला वसंता, तोच, गोलकीपर, हल्ली मंठ्याची जीप चालवतो, तो सगळ्यांदेखत म्हणाला, "मॅडम, आमाला शिकवायला काय न्हाई राह्यलं. हरायला बी आमी कोनाकून शिकलो न्हाई, आपलं आपलंच शिकलो."

ती म्हणाली, "हरायला एकट्याला येतं हो दादा. जिंकायला अकरा जण लागतात. उद्या सहाला या."

आणि तन्वीर, सगळे सहाला आले. वसंतासुद्धा.

पहिला सामना आपण जालन्याशी सहा-शून्य हरलो. दुसरा सेलूशी चार-एक. तिसरा मंठ्याशी दोन-एक. आपल्याकडे यालाच प्रगती म्हणतात. टपरीवर हिशेब मांडून झालाय की याच वेगाने संक्रांतीपर्यंत बरोबरी आणि उन्हाळ्यात जिल्हा. हरून आलेल्या पोरांना लोक हार घालायला निघाले होते, राजनंदिनीने थांबवलं.

अब्बा तर विचारूच नकोस. दुकान बंद केल्यापासून, म्हणजे सायकलींचं काम हाताला झेपेना तेव्हापासून, ते कुठे रमत नव्हते. आता रोज सरावाला जातात. रेल्वेच्या बाजूला त्यांचा तो दगड आहे ना, त्यावर बसतात. सामन्याआधीचा त्यांचा रिवाज अजून चालू आहे. आधी चेंडू त्यांच्याकडे येतो. दोन्ही अंगठ्यांनी दाबतात, कानाशी नेतात, आणि म्हणतात, "जिंदा है." त्याशिवाय सामना सुरू होत नाही. इतकी वर्षं क्लबच्या प्रत्येक ब्लॅडरला पंक्चर त्यांनीच लावलं, हक्कच आहे त्यांचा. सोमेश्वरने हवा मोजायचा काटा असलेला पंप आणला, तेव्हा मला वाटलं, झालं, रिवाज संपला. पण राजनंदिनी काट्याने हवा मोजते आणि मग स्वतः चेंडू घेऊन अब्बांकडे येते. मला ती त्याच दिवशी आवडली.

अब्बा तिच्यावर इतके खूश आहेत की दर सामन्याला तिच्याकडे पहिल्यांदा पाहिल्यासारखं बघतात. "फरजाना, नई मैडम आई है. अब देखो." मी म्हणते, "हौ अब्बा." हरल्याचं त्यांना काही वाटत नाही, घरी येईपर्यंत विसरलेले असतात. मी साजिदना म्हटलं, फॅन असावा तर असा.

सामना सुटला की ते एकटेच घरी येतात. त्यात अवघड काही नाहीच. कापसाच्या जिनिंगच्या भिंतीपासून मैदान खाली उतरत येतं, आणि उतार संपतो तिथे आपली गल्ली. पाण्यासारखं यायचं. काकासाहेब म्हणायचे ते आठवतं? जिनिंगच्या मैदानावर वाढलेलं पोर जालन्याच्या सपाट रस्त्यावरसुद्धा डावा खांदा खाली घालून चालतं. तू अजून तसाच चालतोस का?

जिल्ह्याच्या त्या फायनलबद्दल आपण कधी बोललो नाही. तुला जालन्याच्या क्लबने स्टील मिलमध्ये नोकरी दिली, तू त्यांची निळी जर्सी घातलीस आणि आपल्याच टीमवर गोल केलास. अब्बा सगळ्यांसमोर "ये मेरा नहीं" म्हणून दगडावरून उठून गेले. त्या संध्याकाळी पिशवी भरताना तू मला म्हणालास, "आपा, अब्बा बुलाएंगे तो आऊंगा." त्याला वीसहून जास्त वर्षं झाली. तेवढं एक वाक्य घरात जसंच्या तसं आहे.

बरं. सोमेश्वर सव्वीस जानेवारीच्या चषकाआधी मैदान सपाट करून घेणार आहे. जेसीबी ठरलाय. गावात सगळ्यांना आनंद झालाय. मलाही.

गजालाला सलाम, पोरींना गोड पापा.

तुझी आपा,
फरजाना


परतूर,
रविवार, ५ जानेवारी २०२५

प्रिय तन्वीर,

सलाम, दुवा. तुझा दोन ओळींचा मेसेज मिळाला. "खत मिला. टीम अच्छा कर रही, सुन के अच्छा लगा." इतकं वाचून मी फोन उलटा ठेवला आणि पुन्हा सरळ केला, खाली अजून काही असेल म्हणून.

मैदान सपाट झालं. काकासाहेबांनी नारळ फोडला, शेजारच्या उषाबाईंनी जेसीबीवाल्यासाठी घरून पोहे आणले, सोमेश्वरने फोटो काढले. वरच्या अंगाची माती काढून खालच्या अंगाला टाकली, मुरूम पसरला, रोलर फिरवला. अब्बा दगडाजवळ उभे राहून बघत होते. सोमेश्वरला म्हणाले, "ये क्या कर रहे?"

तो म्हणाला, "चाचा, ग्राउंड बराबर कर रहे."

अब्बा म्हणाले, "बराबरच तो था."

सगळे हसले. मीही हसले.

नंतरचा पहिला घरचा सामना पुन्हा मंठ्याशी झाला. चार-शून्य हरलो. का हरलो, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आपली पोरं जन्मापासून चेंडू जरा वरच्या अंगाला मारतात, उतार तो आपोआप पायाशी आणून देतो. बाहेरच्या टीमला हे कधी कळायचं नाही, त्यांची सगळी गणितं इथे चुकायची. आपल्याकडे दुसरं काही नव्हतंच रे, तेवढा उतार होता. आणि तो आपणच नारळ फोडून काढून टाकला. वसंता गोलमधून ओरडत होता, "अरे, चेंडू खाली येतच न्हाई! तुमी बी उभे, चेंडू बी उभा! कोनी तरी पळा!"

सोमेश्वर डोकं धरून बसला. राजनंदिनी एवढंच म्हणाली, "सपाट जमीन शिकायला वेळ लागतो." टपरीवर मात्र लगेच ठरलं की आता पाया तयार झाला, आता फक्त वरचं बांधकाम. आपल्या गावाची आशा अशी आहे बघ, तिला पडायला जागाच सापडत नाही.

त्या दिवशी अब्बा घरी आले नाहीत.

अब्बांचं खरं मला पहिल्या पत्रातच लिहायला हवं होतं. लिहायला बसले आणि टीमचंच लिहीत गेले. टीमचं लिहिणं सोपं असतं.

सामना सुटला तेव्हा मी शाळेत होते. लोक सांगतात, अब्बा दगडावरून उठले, थोडं पुढे गेले आणि उभेच राहिले. पायाने जमीन चाचपत होते म्हणे, अंधारात पायरी शोधतात तसं. मग भलतीकडेच चालायला लागले. स्टेशनवर पेरू विकणाऱ्या कांताबाईने त्यांना ओळखलं. बाकावर बसले होते आणि विचारत होते, जालन्याची टीम कोणत्या गाडीने येते. तिने टोपली दुसऱ्या बाईकडे दिली आणि हाताला धरून त्यांना घरी आणून सोडलं. मला म्हणाली, "माय, म्हाताऱ्याला एकलं सोडू नको. तिथं रूळ हायेत."

तन्वीर, अब्बांना विसरायचा आजार आहे. जालन्याच्या डॉक्टरांनी मागच्या उन्हाळ्याच्याही आधी सांगितलं होतं. ते हळूहळू वाढत जातं, परत येत नाही. "फॅन असावा तर असा" हे मी गंमत म्हणून लिहिलं, पण ती गंमत नव्हती. त्यांना खरंच आठवत नाही आपण हरलो ते. दर सामन्याला त्यांच्यासाठी कोच खरंच नवी असते. घराचा रस्ताही त्यांना आठवत नव्हता, तो पायांना येत होता, आणि पायांना येत होता तो उतारामुळे. मैदान सपाट होईपर्यंत हे मलाही कळलं नव्हतं. आता त्यांना मैदानातली प्रत्येक दिशा सारखीच वाटते.

आणि ते तुला विचारतात. हेही लिहिलं नव्हतं.

मी मैदानावर असेन त्या प्रत्येक सामन्याआधी. चेंडू दाबून "जिंदा है" म्हणतात आणि लगेच माझ्याकडे वळतात, "तन्वीर किधर है? जूते पहना क्या?" मी म्हणते, "पहन रहा, अब्बा." मग त्यांचं समाधान होतं. मैदानात डाव्या बाजूला जो कुणी पोरगा पळत असेल त्याच्याकडे बघत बसतात. त्याने चेंडू घेतला की माझा हात दाबतात. परवा तो पोरगा एकटाच गोलसमोर होता आणि त्याने बाहेर मारला. अब्बा म्हणाले, "जाने दे. थक गया मेरा बच्चा."

निळी जर्सी त्यांच्या लक्षात नाही. ती फायनल नाही. "ये मेरा नहीं" म्हटल्याचं नाही. तू गेलास हेच त्यांना माहीत नाही. त्यांच्या हिशेबी तू सकाळी नाश्ता करून सरावाला गेलायस.

तू म्हणशील, मग बोलावलं की. हो, रोज बोलावतात. पण ते तुला नाही, बावीस वर्षांच्या तन्वीरला. तू ज्या हाकेची वाट बघतोस ती आता येणार नाही रे. त्यांच्या मनात राग उरला असेल म्हणून नाही. राग होता हेच गेलंय. झाल्या गोष्टीबद्दल "आ जा" म्हणायला ती गोष्ट आठवावी लागते. मला कितीदा वाटतं, तुमच्या दोघांच्यातलं ते भांडण आता माझ्या एकटीकडे आहे. अब्बांनी ते टाकून दिलं, तू पाठीवर घेऊन फिरतोस, आणि ते नक्की काय होतं हे सांगणारी मी.

परवा त्यांनी मला अम्मीच्या नावाने हाक मारली. मी ओ दिली. डॉक्टर म्हणतात, नावं एकेक करून जातील. तुझं अजून आहे. किती दिवस राहील ते कुणी सांगू शकत नाही.

सव्वीस जानेवारीला चषकाचा पहिला सामना आहे. रविवार आहे, तुला सुट्टी असेल. ये. तुला बघून ते "तन्वीर" म्हणतील असं मी खात्रीने म्हणत नाही. पण तुझं नाव त्यांच्या तोंडून निघताना तू शेजारी असावास असं मला वाटतं.

मी वाट बघते.

आपा


परतूर,
रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

प्रिय तन्वीर,

आधी चांगली बातमी. आज आपण जिंकलो.

खरंच. जालन्याशी, एक-शून्य, आपल्या सपाट मैदानावर. महिनाभर राजनंदिनी पोरांना बूट काढून अनवाणी चालवत होती, डोळे मिटून, पायाला जमीन कळावी म्हणून. लोक हसत होते. आज सगळे पास बरोबर पायात जात होते. शेवटी शेवटी जालन्याच्या पोराने असा मारला की मी डोळेच मिटले, उघडले तर वसंता चेंडू पोटाशी धरून जमिनीवर आडवा. शिट्टी वाजली आणि लोक वेडे झाले. वसंताने त्याच्या जीपचा हॉर्न इतका वेळ वाजवला की बॅटरी उतरली, मग तीच जीप लोकांनी ढकलत गावातून फिरवली. काकासाहेब गुडघे विसरून नाचले. सोमेश्वर लहान मुलासारखा रडला. राजनंदिनी एका बाजूला उभी राहून पाणी पीत होती. मी जवळ गेले तर म्हणाली, "ताई, मलाही वाटलं नव्हतं हो." तिच्याकडून असलं काही पहिल्यांदाच ऐकलं.

तू इथे असायला हवा होतास, असं लिहिणार होते. पण तू आला होतास. एकदा.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आणि पोरांची लेझीम आटोपून मी मैदानावर पोचले, तेव्हा सामना संपत आला होता. दगडावर अब्बा नव्हते. ज्याला त्यांच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं तो म्हणाला, आत्ता तर इथेच होते, जिनिंगच्या भिंतीकडे जाताना दिसले. भिंतीशी कुणी नव्हतं. मला रूळ दिसायला लागले. मी स्टेशनवर पळाले. कांताबाई म्हणाली, इकडे आलेच न्हाईत. घरी आले तर अब्बा बाजेवर बसलेले, चपला दाराशी नीट जोडून ठेवलेल्या, आणि गळ्यात तपकिरी मफलर.

उषाबाई ओट्यावर हरभरा सोलत बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तुला माहीत नसेल. त्या म्हणाल्या, "अवं फरजाना, घाबरू नको. एक जन आल्ता. अलीमभाईला हाताला धरून आनलं त्यानं. खाली बसून चपला काढल्या त्यांच्या."

"कोण होता?"

"वळखला न्हाई गं. दाढी होती. पन चाल वळखीची वाटली. असा एक खांदा खाली घालून चालत होता."

मी तिथेच पायरीवर बसले.

"अलीमभाई त्याला म्हनले, अंदर आ बेटा, चाय पी के जा. तो उभाच राह्यला. बराच येळ. मंग म्हनला, फिर कभी, चाचा. अन् गेला की बिगीबिगी."

मफलर गजालाच्या हातचा आहे. तिने मलाही असाच विणून पाठवला होता, कडेला तीच वेल आहे.

संध्याकाळी अब्बांना विचारलं, कोण होतं? तेव्हा त्यांच्या लक्षात होतं, थोडं थोडं. म्हणाले, "अच्छा लडका था. दीवार के पास अकेला खडा था. मैंने उसकू बोला, वो देख, लेफ्ट पे मेरा तन्वीर है. ढलान पे ऐसा आता जैसे पानी. पूरे जिल्हे में ऐसा लडका नहीं." मग म्हणाले, "रोने लगा वो, फरजाना. मैंने बोला, रोता कायकू? टीम हारती है, चलता है. अब नई मैडम आई है. अब देखो."

हे त्यांनी तुला तुझ्या वयाच्या बाविसाव्या वर्षी कधी सांगितलं नाही, तन्वीर. मला सांगायचे, तू झोपल्यावर. तुझ्या तोंडावर म्हणायचे, बायां पांव लकडी का है तेरा. तुला ते ऐकायला मिळालं, पण असं.

त्या भिंतीपाशी ते तुला भेटले, ते रस्ता चुकल्यामुळे. उतार असता तर सरळ खाली घरी आले असते, आणि तू लांबून बघून परत गेला असतास. मैदान सपाट केलं म्हणून मी महिनाभर सगळ्यांवर मनातून चिडले होते. आता चिडावं की नाही, ते मला कळत नाही.

तू फोन उचलत नाहीस. मी रागावलेली नाही. "चाचा" का म्हणालास, ते मला कळतं. तिकडे मैदानात त्यांचा तन्वीर पळत होता, मग इथे तू कोण म्हणून उभा राहणार होतास? त्यांच्या हातातून तो पोरगा काढून घ्यायला तुझा जीव झाला नाही. माझाही होत नाही. म्हणूनच मी "जूते पहन रहा" म्हणते. म्हणायची.

आता आजचं राहिलेलं लिहिते. यासाठीच बसले होते, आणि पुन्हा आधी टीमचं लिहिलं.

आज सामन्याआधी राजनंदिनी नेहमीसारखी चेंडू घेऊन आली. दोन्ही टीम उभ्या होत्या. तिने चेंडू अब्बांच्या हातात दिला. अब्बांनी तो मांडीवर घेतला आणि बघत बसले. ती म्हणाली, "चाचा, बघा ना जरा." त्यांनी तो फिरवला, त्यावरून हात फिरवला, कुणी आपल्याकडे दुसऱ्याचं मूल सांभाळायला द्यावं तसा धरून ठेवला. जालन्याची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. आपल्यातलं कुणी हललं नाही. वसंता गोल सोडून अर्ध्या मैदानापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मी अब्बांचे अंगठे धरून चेंडूवर ठेवले. त्यांनी दाबले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "ये किसका है, बाई?"

मग मी वाकून चेंडूला कान लावला आणि म्हटलं, "जिंदा है." राजनंदिनीने चेंडू उचलला आणि मान खाली घालून गेली.

मी तशीच बसून राहिले, पुढचा प्रश्न येईल म्हणून. मी उत्तर तयार ठेवलं होतं. शिट्टी झाली. सामना सुरू झाला. डाव्या बाजूने पोरगा पळाला, पडला, उठला. अब्बा रुळांकडे बघत होते. त्यांनी तुला विचारलं नाही. सामना संपेपर्यंत नाही, घरी येताना नाही. गोल झाला तेव्हा सगळं मैदान उठलं आणि ते दचकले. मला म्हणाले, "ये लोग कायकू चिल्ला रहे?" मी म्हटलं, "अब्बा, हम जीत गए." म्हणाले, "अच्छा. घर चलें?"

इतकी वर्षं हरणाऱ्या टीमवर आशा लावून बसलेला माणूस, आणि टीम जिंकली तेव्हा तो नव्हता. माझ्या शेजारीच बसला होता.

तन्वीर, तू म्हणायचास, अब्बा बुलाएंगे तो आऊंगा. दारात उभं राहून त्यांनी तुला म्हटलं, अंदर आ बेटा. परक्याला म्हटलं हे खरं, पण म्हटलं ते तुलाच. याहून जास्त आता मिळणार नाही. जितकं होतं तितकं त्यांनी दिलं.

वीस वर्षांत तू एकदाही म्हणाला नाहीस, आपा बुलाएगी तो आऊंगा. मीही कधी विचारलं नाही. आज विचारते. अब्बा आता बोलावणार नाहीत. मी बोलावते. माझ्या बोलावण्यावर येशील का?

रमजान आठवड्यावर आला आहे. इफ्तारला गजालाला आणि पोरींना घेऊन ये. मुलगा म्हणून यायचा दिवस आपल्या हातून गेला. पाहुणा म्हणून ये, चाचा म्हण, काहीही म्हण. दारात आलेल्या माणसाला ते अजून "बैठो" म्हणतात. मफलर गळ्यातून काढू देत नाहीत, ऊन तापलंय तरी.

येताना मैदानातून येऊ नकोस. तिथे आता उतार नाही, तुझ्याही पायांना घर सापडायचं नाही. स्टेशनवर उतरलास की तिथेच थांब, कांताबाईजवळ. मी न्यायला येईन.

तुझीच, आणि आता एकटी,
आपा